चार गाठी

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि भिंतीवरच्या तक्त्यात संध्याकाळच्या सहाची सही झालेली होती.

मी चष्मा पदराला पुसून पुन्हा बघितलं. आठला डावी कूस, दहाला उताणी, बाराला उजवी, दोनला डावी, चारला उताणी, सहाला उजवी. प्रत्येक ओळीपुढे ‘हौ. मं.’ अशी सही. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या, एका बैठकीत उरकलेल्या. चार अजून वाजायचे होते, सहा तर लांबच.

‘सापडलात,’ मी मनात म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आपल्या आईची कूस कुणी बदलत नाही याचा पुरावा हाती आला म्हणून मुलीला आनंद व्हावा, हे इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते. पण झाला.

माझी नोकरीच तशी होती. शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी म्हणून मी चोवीस वर्षं शाळा तपासल्या. शाळेत गेले की हजेरीपट मागण्याआधी मी दाराबाहेरच्या चपला मोजायची. पटावर बेचाळीस मुलं हजर आणि बाहेर चपलांचे एकोणीस जोड, असं कितीदा झालंय. “पोरं अनवाणी येतात हो बाई,” असं गुरुजी म्हणाले, तर मी मुलांना पाय वर करायला लावून तळवे बघायची. एकदाच बसून भरलेला पट मला दुरून ओळखू यायचा. तालुक्यात माझं नाव त्रिशला मगदूम होतं, पण शिक्षक आपसात मला काय म्हणत ते मला माहीत होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आईला आम्ही आक्का म्हणायचो. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भाऊ भरतेश बंगळूरला. तो फोनवर म्हणाला, “ताई, तूच बघ एखादी चांगली जागा, तुला यातलं कळतं.” मला यातलं काही कळत नव्हतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, घर तिसऱ्या मजल्यावर, मी एकटी, आणि सकाळी सातच्या एसटीनं गेलं की परत यायला दिवेलागण. म्हणून मिरजेबाहेरचं ‘आधारवेल शुश्रूषा केंद्र’ शोधलं. तिथल्या व्यवस्थापिका कुंभोजकर मॅडमनी पहिल्या दिवशी सगळं फिरून दाखवलं. मी तीन गोष्टी विचारल्या. स्वयंपाक शाकाहारी का? आम्ही जैन, तर आक्काला दिवस मावळायच्या आत जेवण मिळेल का? आणि कूस बदलण्याचं काय?

“हा बघा पोझिशन चार्ट,” मॅडम भिंतीकडे बोट दाखवत म्हणाल्या. “दर दोन तासांनी कूस बदलतो आणि लगेच सही. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला एकदा जखम झाली ना मॅडम, की ती माणसाला सोबत घेऊनच जाते. आमचा सगळा स्टाफ प्रशिक्षित आहे.”

तक्ता बघून माझा जीव भांड्यात पडला. कागद बघितला की मला बरं वाटायचं.

दिवसपाळीला आक्काकडे हौसाबाई मंडले असायची. पंचेचाळिशीची, काटक, कमी बोलणारी. मी खोलीत शिरले की ती बादली उचलून बाहेर जायची. डोळ्याला डोळा भिडवायची नाही. माझ्या अनुभवात डोळे चुकवणाऱ्या शिक्षकाचा पट नेहमी खोटा निघायचा, म्हणून पहिल्या आठवड्यातच मी तिला मनातल्या मनात एक फुली मारून ठेवली. मग दिवाळीनंतर आक्काचं जांभळं पातळ दिसेना. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात जाताना ती ते नेसायची. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. आता ती नेसणार नव्हती, पण तिच्या कपाटात ते असावं म्हणून मी ठेवलं होतं. दुसरी फुली.

त्या दिवशी मी मुद्दाम मंगळवारी, न सांगता गेले होते. तक्ता बघून झाल्यावर मी खोली तपासायला घेतली, आणि खाटेच्या पायथ्याच्या गजाला बांधलेली ती चिंदी मला दिसली. जांभळी. दोन बोटं रुंदीची, हातभर लांब. तिला मध्ये मध्ये गाठी मारलेल्या. मी ती सोडवून हातात घेतली. कशासाठी बांधतात रुग्णाच्या खाटेला कापड? आक्काचा एक हात अजून चालत होता. ती लघवीची नळी ओढायची, पांघरूण काढून टाकायची. मी तिची मनगटं बघितली. वळ नव्हता. कापड मऊ असल्यामुळे वळ उठत नसणार, हे माझं मीच ठरवून टाकलं.

तेवढ्यात हौसाबाई कोमट पाण्याची बादली घेऊन आत आली.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“चिंदी हाय.”

“ते मला दिसतंय. कशाची?”

तिनं बादली खाली ठेवली.

“आक्काच्या पातळाची ना?”

“व्हय.”

“तुम्ही फाडलंत?”

“व्हय. लई मऊ हुतं, म्हनून...”

“मऊ होतं म्हणून फाडलं! आणि ह्यानं करता काय? हात बांधता तिचे?”

“न्हाई वो बाई!” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “हात कशाला बांधू? असं कसं म्हनता?”

“मग कशासाठी आहे?”

तिनं तोंड उघडलं, दाराकडे बघितलं आणि मिटलं. मी तिला हाताला धरून तक्त्यासमोर उभं केलं.

“ही सही कुणाची?”

ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. “माजीच,” ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि त्यात माझी चूक नव्हती.

“किती वाजले?”

तिनं घड्याळाकडे बघितलं. “साडेतीन.”

“मग सहाची सही आत्ताच कशी झाली?”

“मॅडमास्नी इचारा.”

“सही तुमची आणि विचारायचं मॅडमना?”

खाटेवरून आक्कानं घशातून आवाज काढला. तिचा डावा हात उठला, माझ्या हातातल्या चिंदीकडे आला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बघितलंत?” मी हौसाबाईला म्हणाले. “तिला बोलता येत नाही, पण दाखवता येतं.”

चिंदी पर्समध्ये घातली, तक्ता भिंतीवरून काढला आणि मी कार्यालयात गेले.

कुंभोजकर मॅडमनी तक्ता बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, मग तो पूर्ववत झाला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हौसाबाईला बोलावून घेतलं.

“काय गं हे? न करताच सह्या?” त्यांनी विचारलं.

हौसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच बघतो.

“उद्यापासून येऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून कशाला, आत्ताच नीघ.”

ती वळली, दाराशी थांबली. “बाई,” ती मला म्हणाली, “आज्जीस्नी तेवढं वळवून जातो.”

“आता माझ्यासमोर देखावा नको,” मी म्हणाले. “इतके दिवस वळवलं असतंत तर ही वेळ आली नसती.”

ती गेली. मी मॅडमकडे कोरे कागद मागितले आणि लेखी तक्रार लिहायला बसले. अडीच पानं झाली. लिहिता लिहिता मॅडमना मी सगळं समजावूनही सांगितलं. खोटी नोंदवही कशी ओळखायची, खरी कशी दिसते. खऱ्या नोंदीत शाई बदलते, कारण पेन हरवतं. खरी वेळ कधी काट्यावर नसते. दहाची नोंद दहा वाजून सात मिनिटांनी होते, बाराची पावणेबाराला. मध्येच एखादी खाडाखोड असते, एखादा चहाचा डाग असतो. मॅडम मान डोलावत होत्या.

“तुमच्याकडून खूप शिकण्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या.

मी फुशारले. निघाले तेव्हा सहा वाजून गेले होते. जाताना आक्काच्या दारातून डोकावले. ती होती तशीच पडून होती, भिंतीकडे तोंड करून. झोपली असेल म्हणून मी हाक मारली नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे तक्ता उत्तम होता. मी हटकून वेगवेगळ्या वारी जायची आणि आधी भिंतीपाशी उभी राहायची. ८.०५. १०.१०. ११.५०. कधी निळी शाई, कधी काळी. एका दिवशी दोनची नोंद खोडून २.२० केलेली. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डागसुद्धा होता. खाटेच्या गजाला काही बांधलेलं नव्हतं. नवी मुलगी गणवेशात असायची, हसून बोलायची, डोळ्यात बघायची. मी भरतेशला फोन करून सांगितलं, “एकदा दणका दिला ना, आता बघ कसं सुतासारखं सरळ चाललंय.”

एका रविवारी खोलीत शिरले तर उदबत्तीचा वास दाटलेला. एक नाही, चार-पाच उदबत्त्या लावल्या होत्या. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी बरं वाटेनासं झालं. शाळेत उदबत्ती कधी लावतात? साहेब येणार असले की. मग मुतारीचा वास झाकायला चार लावतात.

मी तक्त्याकडे पाठ फिरवली. पांघरूण काढलं. २.१० उजवी कूस, असं लिहिलं होतं आणि आक्का उताणी होती. मी तिच्या खांद्याखाली हात घातला. इतक्या महिन्यांत मी तिला एकदाही वळवलं नव्हतं. केस विंचरले होते, भरवलं होतं, पायाला तेल लावलं होतं, पण वळवलं नव्हतं; ते त्यांचं काम होतं आणि माझं काम तपासायचं. ती वळेना. मी जोर लावला. आक्का कण्हली. अंगाखालचं मेणकापड तिच्या कातडीला चिकटलं होतं, ते सुटताना आवाज झाला आणि उदबत्तीच्या खालचा वास वर आला. माकडहाडावर वाटीएवढी जखम होती. आत काय दिसत होतं ते मी लिहीत नाही.

मी किंचाळले की नाही आठवत नाही. मॅडम आल्या, “कालपर्यंत काही नव्हतं हो,” म्हणाल्या. मी तक्ता फाडायला गेले आणि हात थांबला. तो इतका सुंदर भरला होता! माझ्याच शब्दांबरहुकूम. दर ओळीत मला माझं बोलणं ऐकू येत होतं.

आक्काला त्याच दिवशी हलवलं. आठ दिवस इस्पितळात, मग घरी. मी बिनपगारी रजा टाकली. केंद्रातून तिचे कपडे एका बोचक्यात आले. ते सोडलं तर तळाशी जांभळ्या पातळाची एक जाड घडी निघाली. चार पदर करून धावदोऱ्यानं शिवलेली, कमरेखाली बसेल एवढी. कडेला एक पट्टी फाडलेली. मी ती घडी उलटीपालटी करून बघितली. तिच्यावर आक्काच्या अंगाच्या तेलाचा डाग होता आणि पाठीच्या हाडाजागी खोलगट झालं होतं. पातळ चोरीला गेलंच नव्हतं. ते तिच्या पाठीखाली होतं आणि मी कधी उचलून बघितलं नव्हतं.

मी केंद्राच्या वॉचमनला गाठलं. त्यानं सांगितलं, हौसाबाई आता तासगावच्या वाटेला एका बेदाण्याच्या शेडवर असते. तिथे तीस-चाळीस बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या. ती शेवटून दुसरी. मला बघून तिचे हात थांबले.

“आज्जी कशा हायत्या?” तिनं बसल्या जागीच विचारलं.

“जखम झालीय. पाठीला.”

“केवडी?”

मी हाताची वाटी करून दाखवली. तिनं पुढ्यातलं ताट शेजारणीकडे सरकवलं आणि उभी राहिली.

“हौसाबाई, मी माफी मागायला...”

“ते नंतर बगू. कुटं हायत्या आता?”

एसटीत आम्ही शेजारी बसून आलो. घरी आल्यावर तिनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि आक्काच्या उशाशी गेली. आक्कानं तिला बघितलं. मग माझी आई अशी काही रडली, की तशी ती बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती. डावा हात हौसाबाईच्या गालावरून फिरत होता. त्या मंगळवारी तो हात चिंदीकडे का आला होता, हे मला तेव्हा उलगडलं. ती तक्रार करत नव्हती. ती साक्ष देत होती आणि मी ती विरुद्ध बाजूनं नोंदवून घेतली होती.

हौसाबाईनं जखम बघितली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, मलमपट्टी बदलली, ती जांभळी घडी उन्हात टाकून आणली आणि कमरेखाली सारली. मग टेकली. मी कपाटातून तक्रारीची फाइल काढली. तिच्यात पुरावा म्हणून चिंदी टाचून ठेवलेली होती.

“आता तरी सांगा,” मी म्हणाले. “हे काय होतं?”

तिनं ती मांडीवर पसरली. एकेका गाठीवर बोट ठेवलं.

“ही आठची. ही धाची. बाराची. ही दोनची. एक येळ वळवलं की एक गाठ. न्हाईतर कामाच्या गडबडीत इसरायला हुतंय. सांजला सगळ्या सोडायच्या, सकाळी परत.”

चार गाठी. मी ती साडेतीन वाजता काढली होती.

“आणि तक्ता? ती सही?”

“मला कुटं अक्षर येतंय बाई?” ती खाली बघत म्हणाली. “मॅडमच भरायच्या, सकाळी एकदाच. म्हनायच्या, कुनी इचारलं तर माजीच सही म्हनून सांग. अडाणी बाई ठेवलीया कळलं तर तुजंबी काम जाईल आन आमचंबी नाव.”

“तुम्ही कुठल्या? गाव कुठलं?”

तिनं गावाचं नाव सांगितलं. ते माझ्याच तालुक्यातलं होतं. दहा वर्षांपूर्वी ते गाव संपूर्ण साक्षर झाल्याचा दाखला निघाला होता. मी तेव्हा तिथे गेले होते, शाळेच्या पडवीत बसून पोहे खाल्ले होते आणि समोर आलेल्या रजिस्टरवर सही केली होती. बायकांच्या नावापुढच्या सह्या सगळ्या एका वळणाच्या होत्या. ते मला दिसलं होतं. हार घालायचा कार्यक्रम लांबत होता आणि शेवटची एसटी गाठायची होती.

मी हे तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतेय.

ती चिंदीची एक गाठ बोटानं चाचपत होती. “बाई, एक इचारू का?”

“विचारा.”

“राग न्हाई न्हवं येनार?”

“नाही.”

“त्या दिवशी मी गेल्यावर... चारला वळवलं का आज्जीस्नी कुनी?”

कार्यालयातला पंखा मला आठवला, चहाचा कप आठवला, माझी अडीच पानं आठवली. आक्काला कुणी वळवत नाही असं मी त्यात तीन ठिकाणी लिहिलं होतं. ते लिहीत असतानाच चार वाजले होते, पाच वाजले होते, सहा वाजले होते.

“नाही,” मी म्हणाले.

तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच. तिथे राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं घड्याळाकडे मान वळवली.

“चार वाजलं,” ती म्हणाली. “या हिकडं. एक हात खांद्याखाली घाला, एक कमरंखाली. वडू नगा, आपल्या अंगावर घ्या.”

आम्ही दोघींनी आक्काला वळवलं. हौसाबाईनं ती चिंदी खाटेच्या गजाला अडकवून तिचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं, आणि मी पाचवी गाठ मारली.